नाशपातीपासून वीस बूट

गेल्या महिन्यातल्या वादळात चर्चसमोरचं नाशपातीचं झाड पडलं, म्हणून आता हे सांगायला हरकत नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. आमच्या बिर्नेनेक गावात कुणाची गाय व्याली, कुणाचा जावई रुसला, हे पाद्रीबाबांच्या आधी मला कळतं आणि माझ्याकडून पाद्रीबाबांना. पण नेल्सीकाकूची ही गोष्ट मी पाच वर्षं गिळून बसले. नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. तो बँडमध्ये ट्युबा वाजवतो, त्याच्या कानात तसंही काही शिरत नाही, पण तरी.

नेल्सीकाकू म्हणजे बुटकी, गोल, सदानकदा ओठांत दोन टाचण्या धरलेली बाई. जुन्या दूध डेअरीच्या शेडमध्ये आम्ही आठ बायका एका कारखान्यासाठी बुटांचे वरचे भाग शिवायचो. काकू सदुसष्ट वर्षांची होती आणि माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. चाळीस वर्षांत तिचा एक नग परत आला नव्हता. मुकादमबाई नव्या पोरींना सांगायची, "नेल्सीची शिवण बघा, मग तोंड वर करा." काकूला ते आवडायचं, पण ती टाचण्यांच्या आडून नुसती "हं" म्हणायची.

तिचे यजमान इल्वोकाका. सगळी हयात अकेशियाची झाडं तोडण्यात गेली. उंच, हाडापेराने मजबूत, विनोद एकच: "चर्चची घंटा वाजवायला दोरी लागते, माझ्या बायकोला तीही लागत नाही." पण गावात त्यांचा मान होता तो वेगळ्याच कारणाने. ते आमच्या केर्बच्या बाटलीचे राखणदार होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी आजोबा.

केर्ब म्हणजे आमच्या चर्चचा वाढदिवस. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, त्यापुढचे सोमवार आणि मंगळवार. आमचे पूर्वज जर्मनीहून जहाजाने इथे ब्राझीलच्या दक्षिणेला उतरले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात फारसं काही नव्हतं, पण केर्ब होती. मंगळवारी संध्याकाळी ती 'मरते'. बँड रडकं वाजवतो, बाप्ये रुमाल डोळ्यांना लावून खोटं खोटं हुंदके देतात. बुधवारी पहाटे राखणदार एकटा जातो आणि वाइनची बाटली चर्चच्या आवारात पुरतो. कुठे ते फक्त त्याला ठाऊक, नाहीतर गावातली टोळभैरव मंडळी आठवडाभरात उकरून पिऊन टाकतील. वर्षाने, रविवारची प्रार्थना संपली की सगळ्या गावासमोर त्याने ती काढायची. बाटली निघाली की केर्ब जिवंत, मग नाच. तीन खड्डे खणायची मुभा. तिसऱ्यातही निघाली नाही तर फावडं त्या घरातून उठतं आणि दुसऱ्या घरी जातं. इल्वोकाकांच्या घरातून ते कधी उठलं नव्हतं. काकांनी चौतीस वर्षांत दुसरा खड्डासुद्धा खणला नव्हता.

त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकूची एक पेटी कारखान्यातून परत आली. बारा जोड, सगळे डावे. मुकादमबाई पेटी नुसती तिच्या पायाशी ठेवून गेली. काकूने ती उघडली, बघितलं आणि बंद केली. मग टाचण्या तोंडातून काढून मला विचारलं, "क्लारी, पस्तीस नंबरचे वीस तळवे एकापुढे एक ठेवले, तर चव्वेचाळीस नंबरचे त्यात किती बसतील गं?"

"कसले तळवे?"

"लाकडी. आमच्या गोठ्यातले."

ते बूट मला ठाऊक होते. लाकडी तळव्याचे, काकांनी स्वतः तासलेले. एक जोड त्यांचा, एक काकूचा, दोन्ही दाराशी शेजारी शेजारी असायचे. आम्ही दोघी जन्मभर बुटांतच वाढलेल्या, आकडे तोंडावर. "तुझा तळवा चोवीस सेंटीमीटर, त्यांचा तीस. वीस चोक... थांब, चारशे ऐंशी. सोळा. बरोब्बर सोळा. का गं? काका दुकान काढतायत की काय?"

काकू हसली नाही. येर्बाच्या कडू चहाचा, सगळ्यांत मिळून एकच असा भोपळ्याचा पेला आमच्यापर्यंत फिरत आला होता, तो तिने न पिता तसाच पुढे दिला. येर्बाला नाही म्हणणारी नेल्सीकाकू मी पाहिली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी तिला शेडमागे गाठलं आणि धारेवर धरलं. मी आहेच तशी.

तिने सांगितलं ते असं. मागच्या केर्बनंतर बुधवारी पहाटे काका फावडं आणि बाटली घेऊन निघाले. अर्ध्या तासाने परत आले ते बाटली हातात तशीच. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नेल्सी, ती नाशपाती कुठे आहे गं?"

"नाशपाती!" मी म्हटलं. "तुमच्या दारातून दिसते ती!"

"मला काय सांगतेस. मी शाल घेतली आणि गेले बरोबर. ते फावड्याला टेकून उभे राहिले आणि मी मोजलं. झाडाच्या बुंध्याला टाच लावायची, घंटेकडे तोंड करायचं, आणि बुटापुढे बूट. त्यांच्याकडे असंच चालत आलंय. वीस बूट झाले. तिथे खणलं, बाटली ठेवली, वर गवत बसवलं. घरी येताना त्यांनी विचारलं, किती? म्हटलं, वीस. त्यांनी पेन्सिल ओठाला लावून चिठ्ठीवर वीस लिहिलं आणि टोपीच्या पट्टीत खोचलं. दुपारपर्यंत त्यांची खात्री झाली होती की आपणच मोजलं, आपणच पुरलं. मी काही बोलले नाही."

"आणि तू पायात..."

"माझेच बूट होते. दुसरे कुणाचे असणार?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रविवारी काका सगळ्या गावासमोर आपल्या चव्वेचाळीस नंबरच्या बुटांनी वीस मोजणार आणि बाटलीच्या पुढे चांगला सव्वा मीटर जाऊन खणणार.

"मग सांगून टाक ना त्यांना! त्यात काय एवढं?"

"सांगितलं," काकू म्हणाली. "मार्चमध्ये. शहरातल्या डॉक्टरने काय आहे ते सांगितलं, त्यानंतर. म्हटलं, अहो, मागच्या वर्षी मी होते बरोबर, माझ्या बुटांनी मोजलंय. आधी चिडले. मी काय बाईच्या चपला घालून फिरतो का म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, दोन दिवस जेवले नाहीत. गोठ्यात जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी सगळं विसरले आणि भाकरी मागितली. क्लारी, मी पुन्हा नाही सांगणार. विसरलेलं त्यांना आठवत नाही ते परवडलं. आपण विसरतो हे त्यांना समजतं ना, ते बघवत नाही."

डॉक्टरचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन मुली दूर शहरात, त्यांनाही नाही. काका तोच विनोद दिवसातून तीनदा सांगायचे, पण ते तर आधीपासूनच सांगत होते, त्यामुळे गावाला संशय आला नव्हता. "फावडं गेलं तर ते कशाने गेलं हे लोक विचारतील," काकू म्हणाली. "आणि मग ते त्यांच्या तोंडावर कीव करतील. हळू बोलतील त्यांच्याशी. तू तर ओळखतेस आपल्या लोकांना." मी ओळखत होते. मीच पहिली गेले असते कीव करायला, गरम कुखनचं, म्हणजे आमच्या जर्मन केकचं, ताट घेऊन.

त्या दिवसापासून माझीही झोप उडाली. शिवताना मी मनात सोळा, वीस, सोळा, वीस असंच करत राहायची. दर रविवारी चर्चमधून बाहेर येताना माझी नजर आपोआप नाशपातीकडे जायची, तिथून घंटेकडे, आणि मग मी घाबरून आभाळाकडे बघायची, जणू कुणी माझ्या नजरेवरून जागा ओळखेल. तीन आठवडे उरले, दोन उरले. नाशपातीला फुलं आली. बायका हॉल धुवायला लागल्या, बाप्ये तंबूचे खांब मोजायला लागले.

चिठ्ठी बदलायची युक्ती माझी. काका अंघोळीला गेले की वीस खोडून सोळा लिहायचं, त्यांच्याच पेन्सिलीने. आकडाही मीच काढला, आणि देवाशप्पथ, हुबेहूब काढला. केर्बला आठ दिवस उरले असताना, शनिवारी, काकांनी टोपी ब्रशने झाडली, चिठ्ठी उघडली, आणि त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

"सोळा? हे सोळा कुणी लिहिलं? वीस! वर्षभर रोज सकाळी उठून वीस म्हणतोय मी! मला येडा समजता काय?"

खरंच म्हणत होते. काकूने नंतर सांगितलं. सकाळी उठल्याबरोबर, पाय जमिनीला लागायच्या आत, पुटपुटायचे, वीस. नातवंडांची नावं गेली, बाजाराचा दिवस गेला, पण तो आकडा त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. आणि आम्ही तोच त्यांच्या हातातून काढून घ्यायला निघालो होतो. मला माझीच लाज वाटली.

शेवटचा उपाय म्हणून काकू त्यानंतरच्या गुरुवारी भर दुपारी खुरपं आणि फुलांची चार रोपं घेऊन आवारात गेली. बाटली सव्वा मीटर पुढे सरकवायची, एवढंच. ती खाली वाकली न वाकली तोच मागून हेडी आली. हेडी म्हणजे उत्सव समितीचे अध्यक्ष नॉर्मेलिओ, त्यांची बायको. गावात मला तोडीस तोड कुणी असेल तर ती.

"नेल्सी! केर्बच्या आधी इथे खुरपं? अगं, राखणदाराशिवाय कुणी हात लावतं का या मातीला? आणि त्यातून तू!"

"फुलं लावत होते," काकू म्हणाली.

"लाव की. कुंडीत लाव." हेडीने रोपं उचलून तिच्या हातात दिली आणि ती घराकडे वळेपर्यंत तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत नॉर्मेलिओंच्या दुकानात चर्चा होती की इल्वोची बायको बाटलीची चाचपणी करत होती. नॉर्मेलिओंच्या मनात फावडं आपल्या जावयाकडे यावं असं होतंच. तो मोबाइलवर जागेची खूण करून ठेवणार होता म्हणे.

"आता?" मी काकूला विचारलं.

"आता काय. दोन खड्डे त्यांचे. तिसऱ्याच्या आधी मी बोलणार. मीच पुरली म्हणून सांगणार, सगळ्यांसमोर. मग ते माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल." मग जरा थांबून म्हणाली, "तसंही किती दिवस लक्षात ठेवणार आहेत."

हे ती हसण्यावारी म्हणाली, पण आम्ही दोघीही हसलो नाही.

रविवारी ऊन छान पडलं होतं. चर्च गच्च भरलेलं. पाद्रीबाबा काय बोलले ते मला विचारू नका. माझी नजर पुढच्या बाकावर होती. काकू निळ्या रेशमी झग्यात, गळ्यात आईची चांदीची साखळी, केस नीट वळवलेले. आणि पायात गोठ्यातले लाकडी बूट. प्रभुभोजनाला उठली तेव्हा सगळ्या चर्चमध्ये टॉक टॉक वाजलं. पोरी खुसुखुसु हसल्या. बाहेर पडल्यावर हेडीने गाठलंच. "नेल्सी, गोठ्यातून थेट आलीस काय गं?"

"पायाला फोड आलाय," काकू म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

बँड पुढे, मागे काका. काळं जाकीट, टोपीला हिरवी पट्टी, खांद्यावर रिबिनी लावलेलं फावडं. त्यांच्या पायातही तेच, चव्वेचाळीस नंबरचे. ताठ चालत होते. कुणी हाक मारली की टोपीला हात लावत होते. मला वाटलं, हे इतके खूश आहेत, देवा, आता दहा मिनिटांत काय होणार आहे. गाव नाशपातीभोवती गोल उभं राहिलं. फावडं जमिनीत असेपर्यंत बँड गप्प असतो, तेव्हा तोही थांबला.

काकांनी बुंध्याला टाच लावली, घंटेकडे पाहिलं आणि मोजायला लागले. राखणदार मनात मोजतो. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. तेरावं, चौदावं पाऊल. सोळाव्याला बाटली त्यांच्या बुटाखाली होती. मला वाटलं आता थांबतील, पाय जागा ओळखेल. ते पुढे गेले. बहुतेक मधेच कुठेतरी गडबड झाली, कारण ते थबकले, परत झाडाशी आले आणि पुन्हा सुरुवात केली. मग वीस बूट झाले तिथे फावडं रोवलं.

कोपरभर खोल खणलं. नुसती लाल माती.

"काका, वर्षभरात प्यायलात की काय?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. काकाही हसले. चिठ्ठी काढून बघितली, घंटेकडे एक डोळा मिटून बघितलं, आणि हातभर डावीकडे दुसरा खड्डा घेतला. या वेळी खणताना त्यांनी जाकीट काढलं. मानेवरून घाम वाहत होता. दुसऱ्या खड्ड्यातही माती निघाली, आणि एक जुना नाल. या खेपेला कुणी हसलं नाही. चौतीस वर्षांत हे झालं नव्हतं, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. माझ्या नवऱ्याने ट्युबा खाली ठेवला.

काका खड्ड्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि मला दिसलं की ते घाबरलेत. एवढा थोराड माणूस, पण जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखे डोळे.

नॉर्मेलिओ पुढे झाले. "इल्वो, दमला असशील," ते म्हणाले. "सावलीत बस जरा. वय झालं की होतं असं. फावडं दे इकडे." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण ते हळू बोलले, आजाऱ्याशी बोलतात तसं. काकू ज्याला भीत होती तो आवाज हाच.

माझ्या शेजारून काकू निघाली. फरसबंदीवर टॉक, टॉक. सगळ्यांची डोकी त्या आवाजाकडे वळली. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि काकांनी हात वर केला.

"थांब."

त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली, बुटांकडे. स्वतःच्या हाताने तासलेले बूट. किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही, पण मी तेवढ्यात अर्धी जपमाळ ओढली असती.

मग म्हणाले, "नॉर्मेलिओ, तुझ्या जावयाचा पाय केवढा?"

"त्रेचाळीस. का?"

"माझा चव्वेचाळीस. आणि तुम्ही लेकाचे चौतीस वर्षं कुंपणाआडून माझी पावलं मोजत आलात, मला काय कळत नाही? म्हटलं, एकदा तुम्हाला चांगलं बनवायचं. दोन खड्डे रिकामे दाखवायचे." त्यांनी फावड्याने काकूच्या पायांकडे दाखवलं. "मागच्या वर्षी हिच्या बुटांनी मोजलंय. ये गं. दाखव यांना."

आधी कुणाला काही समजलं नाही. मग असा काही हशा फुटला की नाशपातीची फुलं गळाली असतील. टाळ्या, शिट्ट्या. नॉर्मेलिओंनाही हसावं लागलं. फक्त काकू हसत नव्हती. ती काकांकडे बघत होती. त्यांना खरंच आठवलं, की त्या क्षणी सुचलं, की चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने बायकोच्या तोंडावर सगळं वाचलं, हे मला आजही ठाऊक नाही. मी तिला नंतर विचारलं तेव्हा तीही म्हणाली, मला नाही माहीत.

तिने बुंध्याला टाच लावली आणि घंटेकडे तोंड केलं. "एक!" काका मोठ्याने म्हणाले. "दोन!" लोकांनीही धरलं. सगळं गाव आमच्या जर्मनमध्ये मोजायला लागलं, म्हाताऱ्या बायका, बँडवाले, पाद्रीबाबा. निळा झगा दोन्ही हातांनी वर धरून काकू बुटापुढे बूट टाकत होती. नऊ, दहा, अकरा, बारा. आणि बाराला काकांचे ओठ थांबले. लोक ओरडतच होते, तेरा, चौदा, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण मी काकांकडेच बघत होते. ते नुसते हसत उभे होते, वाट बघत, गाव मोजेल तसं. वीसला गावाने आरोळी ठोकली आणि काकूने खाली बोट दाखवलं.

तिसरा खड्डा. फावड्याच्या चौथ्या घावाला काच वाजली.

पुढचं काय सांगायचं. बाटली वर आली, केर्ब जिवंत झाली, माझ्या नवऱ्याने ट्युबात जीव ओतला. काका-काकू पहिला नाच लाकडी बुटांनी नाचले आणि हॉलची जमीन हादरली. लोक काकांच्या पाठीवर थापा मारत होते. "काय बेरकी माणूस!" मी कुखनच्या टेबलाशी काकूला गाठलं, मिठी मारली. तिचे हात बर्फासारखे होते.

"जमलं ना गं!" मी म्हटलं. "आता तरी खा काहीतरी."

"बाराला थांबले," ती म्हणाली. "पाहिलंस?"

मी म्हटलं, नाही बाई. पहिल्यांदाच तिच्याशी खोटं बोलले.

"पुढच्या वर्षी मनातच मोजायचंय," ती म्हणाली, आणि कुणीतरी तिला पुन्हा नाचायला ओढून नेलं.

बुधवारी पहाटे मी खिडकीत होते. माझं स्वयंपाकघर चर्चच्या अगदी समोर आहे. खरं म्हणजे त्या पहाटे गावातल्या सगळ्यांनी पडदे ओढून घ्यायचे असतात, आणि मी ओढलाही होता. पूर्ण नाही.

दोघं आले. काकांच्या हातात फावडं, काकूच्या हातात बाटली. मला वाटलं होतं काका मोजतील. त्यांनी झाडाशी येऊन काकूकडे बघितलं आणि म्हणाले, "तूच मोज. माझ्या पायांचं आता काही खरं नाही." आवाज शांत होता. म्हणजे त्यांना समजत होतं. निदान त्या सकाळी तरी.

काकूने बुंध्याला टाच लावली, पायात या वेळी काकांचे मोठे बूट. काका मोजायला लागले, मोठ्याने, एकेक आकडा नीट ठेवत. दहा. अकरा. बारा.

मग काहीच नाही. काकू एका पायापुढे दुसरा ठेवून तशीच उभी राहिली. तिने मागे वळून पाहिलं नाही. माझ्या ओठांवर तेरा आला होता. मी तोंडावर हात धरला.

"एक," काका म्हणाले.

काकू परत झाडाशी गेली, टाच लावली. दोन, तीन, चार. पुन्हा अकरा. पुन्हा बारा. पुन्हा ती शांतता, आणि त्या शांततेत ती पाठमोरी उभी, शालीची टोकं मुठीत धरलेली. बराच वेळ उभी होती. मग तिने न वळता हात मागे केला.

"फावडं द्या."

तिथेच तिने गवताचा पहिला तुकडा कापला. बाटली ठेवली, माती लोटली, गवत बसवून बुटाने दाबलं. काका टोपी काढून उभे होते.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"बारा," काकू म्हणाली.

"बरोबर," काका म्हणाले, आणि पेन्सिल ओठाला लावून त्यांनी चिठ्ठीवर बारा लिहिलं.